पाहुणे येऊ द्या, पण गुरुजी शेतकरीच हवा



खान्देशात आता पाहुणे आणायचे म्हणतात. लग्नाला नाही, यात्रेला नाही. हरित तंत्रज्ञान पाहायला. शाळा-कॉलेजची पोरे, पुण्या-मुंबईची कुटुंबे, बँकेचे साहेब, जमलेच तर परदेशी मंडळी. बसमधून उतरायचे, ठिबकची नळी पाहायची, सोलरच्या प्लेटांसमोर फोटो काढायचा, पवनचक्कीखाली उभे राहून मान वर करायची, दुपारी भरीत-भाकरी आणि संध्याकाळी परत. याचे नाव शैक्षणिक पर्यटन. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलेच आहे. त्यालाच आता हिरवा रंग द्यायचा, एवढेच बाकी आहे.

माझा पाहुण्यांना विरोध नाही. शेतकऱ्याच्या दारातून पाहुणा उपाशी गेला, असे खान्देशात कधी झाले नाही. शहरातल्या माणसाने शेतावर यावे, पाणी कुठून येते, वीज कुठून येते, केळे कसे पिकते हे पाहावे, ही मागणी आपणच केली पाहिजे. माझा विरोध आहे तो या सहलीत शेतकऱ्याला जी जागा दिली जाते तिला. यंत्राची माहिती सांगणार कंपनीचा माणूस, योजनेची माहिती सांगणार सरकारी माणूस, आणि शेतकरी? तो फोटोत. डोक्याला फेटा, हातात केळीचा घड. बोलायचे नाही, हसायचे.

मी कृषी पदवीधर. शिकत असताना आमच्याही अभ्यास सहली निघत. एका शेतावर आम्हा पन्नास पोरांना बांधावर उभे करून साहेबांनी तासभर व्याख्यान दिले. शेताचा मालक कडेला पाण्याची घागर घेऊन उभा. परतताना कोणी तरी त्याला विचारले, "तात्या, परवडते का हो?" तो तोंड उघडणार तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. त्या एका प्रश्नाचे उत्तर आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हते. आजच्या हरित सहलीतही ते नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

दाखवण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे. जळगावहून निघून साक्रीपर्यंत गेलात तर देशात क्वचित सापडेल असा वर्ग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरलेला आहे.

जळगावला शिरसोली रस्त्यावर जैन हिल्स. वाकोदच्या शेतकरी घरातल्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी उभा केलेला हा उद्योग. ठिबक, टिश्यू कल्चरची केळी, सोलर पंप, सगळे एका टेकडीवर पाहायला मिळते. २०१२ पासून तिथे गांधीतीर्थही आहे. शेतकऱ्यांच्या गाड्याच्या गाड्या तिथे येऊन गेल्या, अजूनही येतात. तिथून तापीच्या काठाने चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. पश्चिमेला शिरपूर, नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याचे काम २००४ पासून तिथे झाले आणि 'शिरपूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गेले. धुळ्याकडे वळलात की पांझरेच्या काठावर फड पद्धत, तीन-चार शतके जुनी. पुढे साक्री तालुका. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, २०१३ मध्ये सुरू झालेला. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग. आणि त्याच तालुक्यात बारीपाडा, जिथे आदिवासींनी उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले.

पाणी, ऊन, वारा, माती, जंगल. कोणते हरित तंत्रज्ञान उरले? प्रश्न माल आहे की नाही हा नाही. तो कोण सांगणार, आणि काय सांगायचे टाळणार, हा प्रश्न आहे.

नळी दाखवतात, विहीर दाखवत नाहीत

ठिबकपासून सुरुवात करू. पाहुण्याला काय सांगतात? थेंब थेंब पाणी मुळाशी, पाण्याची बचत, उत्पन्नात वाढ. यात खोटे काही नाही. ठिबक नसते तर आज केळीचा अर्धा पट्टा उभा राहिला नसता. कंपनीने हे तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवले, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण जो विकतो त्याने शिकवले तर धडा अर्धाच होतो. दुकानदाराने दुकानाचे गुण सांगावेत. त्याच्याकडून तोट्याचा हिशेब मागणे हा आपलाच वेडेपणा.

उरलेला अर्धा धडा शेतकऱ्याजवळ आहे. सहा बाय पाचवर लावलेल्या केळीची एकरी १४५२ झाडे. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला २० लिटर धरा. म्हणजे एकराला रोज २९ हजार लिटर. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर मोटर अडीच तास चालली पाहिजे. वीज त्या अडीच तासांत आली पाहिजे, पुऱ्या दाबाने आली पाहिजे, आणि विहिरीत तेवढे पाणी पाहिजे. पाणी क्षारांचे असेल तर ड्रिपर बुजतात. आम्ल सोडावे लागते, नळ्या फ्लश कराव्या लागतात. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात, त्या सांधायला अर्धा दिवस जातो. अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे खरे. पण पैसे आधी शेतकऱ्याने घालायचे, अनुदानाची वाट मागून पाहायची, आणि तोवरचे व्याज त्याच्याच खात्यावर.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी कोणत्याच फलकावर लिहिलेली नसते. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत रावेर आणि यावल हे तालुके वर्षानुवर्षे अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. ज्या मुलखात ठिबक घरोघर पोचले, त्याच मुलखात पाणी खोल गेले! हे कसे? सोपे आहे. पाटाने एक एकर भिजत होते, त्याच पाण्यात ठिबकने दोन एकर भिजू लागले. शेतकऱ्याने दोन एकर लावले. का लावणार नाही? बाकी पिकांना भाव नाही, केळीला कधीतरी मिळतो. पाणी झाडापुरते वाचले, विहिरीत मात्र शिल्लक राहिले नाही. दोष ठिबकचा नाही, शेतकऱ्याचा तर नाहीच. पण हे न सांगता ठिबक शिकवणे म्हणजे गणितात जमा शिकवून खर्च गाळणे.

शहरातल्या पोराला हे ऐकवा. 'तंत्रज्ञान आले की प्रश्न सुटला' ही त्याची समजूत तिथेच गळून पडेल. भाव, वीज, पाण्याची मालकी हे सुटल्याशिवाय नळी एकटी काही करत नाही, हा खरा धडा आहे. तो टेकडीवरच्या दालनात मिळणार नाही. रावेरच्या एखाद्या विहिरीच्या काठावर मिळेल.

टिश्यू कल्चरचेही तसेच. एकसारखी बाग, लवकर येणारा घड, हे खरे. पण २०२० च्या पावसाळ्यात कुकुंबर मोझॅक विषाणूने आपल्या जिल्ह्यात केळीच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या, हेही तितकेच खरे. मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. रोप कुठून घेतले, त्याची तपासणी झाली होती का, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक होते का, असे किती प्रश्न एका उपटलेल्या झाडातून निघतात! पाहुण्याला उभ्या बागेइतकीच उपटलेली बाग दाखवली पाहिजे. यशाचे प्रदर्शन सगळेच भरवतात. जिथे अपयश उघडे ठेवले जाते तिथेच माणूस शिकतो.

शिरपूर पाहिले, खडक पाहिला नाही

अर्धवट पाहण्याने काय होते याचा पुरावा आपल्याच घरात आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी काम केले ते तिथली जमीन वाचून. तापीकाठचा गाळाचा थर, मध्ये पाणी अडवणारे मातीचे पट्टे. ते फोडून खाली पाणी पोचवले तर जिरते, हा त्याचा पाया. ते काम पाहायला राज्यभरातून माणसे आली. पाहून गेली. घरी नेले काय? जेसीबीचे चित्र!

पुढे महाराष्ट्रात जिथे तिथे नाले खोल करण्याची हौस आली. दख्खनच्या काळ्या खडकात, जिथे गाळ नाही तिथेसुद्धा. खोलीकरणावर भूजलाच्या जाणकारांनी आक्षेप घेतले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शिरपूरबद्दलही मतभेद आहेत आणि ते असू द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. पाहायला आलेल्या माणसाला नाला दाखवला, पण त्याच्या हातात तिथली माती दिली नाही, विहिरीचा कापलेला थर दाखवला नाही, 'तुझ्या गावचा खडक कोणता' हे विचारले नाही. सहल झाली, शिक्षण झाले नाही. आणि त्या अपुऱ्या शिक्षणाची किंमत दुसऱ्या गावच्या नाल्याने मोजली.

म्हणून सांगतो, पाहुण्याला 'असे करा' शिकवू नका. 'आमच्याकडे हे का चालले' एवढे शिकवा. बाकीचे त्याने त्याच्या गावात जाऊन शोधावे.

ऊन कोणाचे, वारा कोणाचा?

आता साक्री-शिंदखेड्याकडे या. सोलर प्लेटांच्या निळ्या रांगा पाहून पाहुण्याचे डोळे दिपतात. किती मेगावॅट, किती कोळसा वाचला, सगळे आकडे तयार असतात. एक आकडा तयार नसतो: जमीन कोणाची होती आणि तिला काय मिळाले?

शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. वय ऐंशीच्या घरात. त्यांची पाच एकर जमीन, त्यावरच्या आंब्यांच्या झाडांसह, वीज प्रकल्पासाठी गेली. हाती सुमारे चार लाख रुपये आले. आजूबाजूच्या काहींना याहून कितीतरी जास्त मिळाले, मग मलाच का नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून उत्तर मिळाले नाही. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात स्वतःचा जीव पणाला लावला आणि २८ जानेवारीला ते गेले. त्यानंतर सरकार हलले. भावांनो, हिशेब तपासायला माणूस मरावा लागतो, ही गोष्ट कोणत्या हरित सहलीच्या नकाशावर आहे?

मी सौर विजेच्या विरोधात बोलत नाही. दिवसा वीज मिळावी, रात्री सापा-विंचवातून पाणी भरायला जावे लागू नये, ही आपली जुनी मागणी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे, पाच वर्षे दुरुस्तीची हमी. चांगले आहे. पण ज्याच्या शेतात असा पंप बसला आहे त्याच्या तोंडून ऐकू द्या: ढगाळ दिवसांत काय होते, प्लेटा वाऱ्याने उडाल्या तर कोण येतो, तक्रार केल्यावर किती दिवसांनी येतो, आणि सहाव्या वर्षी काय करायचे ठरवले आहे. पाहुण्याला हे ऐकायला मिळाले तर तो सोलरचा शत्रू होणार नाही, शहाणा मित्र होईल.

पवनचक्क्यांचे पाहा. साक्रीच्या पठारावर वनजमिनी पवनचक्क्यांकडे गेल्या म्हणून आदिवासींनी वर्षानुवर्षे लढे दिले. पाते फिरते ते सर्वांना दिसते. त्याच्या पायथ्याची जमीन कोण कसत होते ते दिसत नाही. तिकडचा माणूस अहिराणीत सरळ विचारतो, "वारा आमना, डोंगर आमना, मंग आमले काय भेटनं?"

याचे एक उत्तर डेन्मार्कमध्ये आहे. सॅमसो नावाचे चारेक हजार वस्तीचे बेट. १९९७ मध्ये डेन्मार्कने त्याला अपारंपरिक ऊर्जेचे बेट म्हणून निवडले. २००० पर्यंत तिथे जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मालक कोण? बहुतेक बेटावरचेच शेतकरी, आणि बाकीच्यांत गावकऱ्यांचे भाग. आज ते बेट पाहायला जगभरातून लोक जातात, त्यासाठी २००७ मध्ये तिथे ऊर्जा अकादमी उघडली. लोक काय पाहायला जातात? पवनचक्की तर कुठेही दिसते. गाव पवनचक्कीचे मालक कसे झाले, हे पाहायला जातात. आपल्याकडे पवनचक्कीखाली उभ्या राहिलेल्या पोराला कोणी तरी सॅमसोची गोष्ट सांगावी, आणि मग ब्राह्मणवेलचा सातबारा दाखवावा. बाकी व्याख्यानाची गरज नाही.

फलक नसलेले तंत्रज्ञान

हरित तंत्रज्ञान म्हटले की यंत्रच डोळ्यांपुढे येते, ही शहराची खोड. पांझरेचा फड त्यावर उत्तम औषध आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, दरवर्षी पाळी बदलायची. उसाचा फड यंदा इथे तर पुढे तिथे. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत वाटलेली, म्हणजे पाणी कमी पडले तर सगळ्यांचेच थोडे थोडे जाते, एकट्याचे सगळे जात नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. मालकाने स्वतः बारे धरायचे नाही; मोठा असो की छोटा, पाणी पाटकऱ्याच्या हातून. भांडण झाले तर पंच बसणार.

पंप नाही, मीटर नाही, अनुदान नाही. गुरुत्वाकर्षण आणि गावाची शिस्त, एवढ्यावर शेकडो वर्षे चालले. १८८४ मध्ये नोकरीला लागलेले तरुण अभियंता विश्वेश्वरय्या यांची सुरुवातीची कामगिरी याच पांझरेवरची. त्यांच्याही आधी कितीतरी पिढ्या इथला शेतकरी पाणी मोजून वाटत होता. पुढे वर धरणे झाली, काठाने विहिरी आणि मोटरी आल्या, उसाची ओढ वाढली, आणि फड ठिकठिकाणी खिळखिळा झाला. तो का मोडला हेही शिकवण्यासारखेच आहे. पण आज तिथे कोणाची बस थांबत नाही. कारण तिथे विकायला काही नाही!

मग बस जिथे थांबते आणि गावकरीच बोलतो, असे एक ठिकाण सांगतो. बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावाने मिळून कुऱ्हाडबंदी केली, जंगल राखले, पाणी अडवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांचा महोत्सव भरतो. कोणती भाजी कधी येते, कोणता भाग खायचा, कोणता टाकायचा, कशी शिजवायची, हे बाया सांगतात आणि शिकलेली माणसे वहीत लिहून घेतात. पाहुणा तिथे विद्यार्थी होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरेबाजारही तसेच. गावात पाऊस किती पडला, पाणी किती आहे, मग कोणते पीक घ्यायचे आणि कोणते नाही, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाहायला गेलेल्याला तो ताळेबंद समजावून देणारा गावचाच असतो. म्हणजे हे जमते. शेतकऱ्याला शिकवता येत नाही ही थाप आहे.

पर्यटन म्हणजे भाव नव्हे

आणखी एका थापेचा समाचार घेऊ. 'शेती परवडत नाही ना? मग कृषी पर्यटन करा. दोन खोल्या बांधा, बैलगाडी ठेवा, चुलीवरचे जेवण द्या.' सांगणारा हे उपकार केल्यासारखे सांगतो. याचा अर्थ काय होतो ते नीट ऐका. कापसाला भाव मिळत नाही म्हणून कापूस उत्पादकाने खानावळ काढावी! गिरणी तोट्यात गेली म्हणून मालकाने गिरणी पाहायला तिकीट लावावे, असे कोणी सांगितले आहे का?

शिवाय हे करणार कोण? ज्याच्याकडे रस्त्याकाठची जमीन आहे, बांधकामाला पैसा आहे, घरात एक माणूस मोकळा आहे, तो. दोन एकर कोरडवाहू कपाशीवाला नव्हे. आणि जेवण रांधणार कोण? घरातली बाई. तिची दिवसाची कामे आधीच सरत नाहीत; त्यात चाळीस पाहुण्यांच्या भाकरी. तिच्या मजुरीचा रकाना कोणत्या प्रकल्प अहवालात आहे?

शेतमालाला रास्त भाव ही मागणी जिथल्या तिथे आहे. ती सोडून पर्यटन नको. पर्यटन व्हायचे तर ते त्या मागणीच्या कामी यावे. ग्राहकाने बागेत यावे, खर्च मांडून पाहावा, त्या दिवशीचा रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा जाहीर भाव पाहावा, व्यापाऱ्याने प्रत्यक्ष कोणता भाव दिला ते विचारावे, आणि घरी जाऊन आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर डझनाचा भाव पाहावा. मधला फरक कुठे गेला हे त्याने स्वतः शोधावे. इतके चांगले अर्थशास्त्र कोणत्या कॉलेजात शिकवतात?

मग आखणी कशी हवी?

विरोध पुष्कळ केला. आता आपली आखणी मांडतो. जिल्हा बैठकीत यावर चर्चा व्हावी, भर घालावी, खोडावे.

१. शिकवणारा तोच, जो ते तंत्र स्वतःच्या पैशाने वापरतो. कंपनीचा आणि खात्याचा माणूस जरूर यावा, पण पाहुणा म्हणून. प्रश्न विचारल्यावर बोलावे.

२. प्रत्येक शेतावर एक हिशेबाचा फळा. उभारणीचा खर्च, कर्ज, अनुदान कधी मागितले आणि कधी आले, दुरुस्ती, वीज, मजुरी, उत्पन्न, हाती आलेला भाव. तोटा असेल तर तोटा लिहायचा. लाज बाळगायची नाही; लाज ज्यांना वाटायला हवी ते वेगळे आहेत.

३. फळ्याशेजारी पाण्याची नोंद. विहिरीची पातळी दिवाळीत किती, मे महिन्यात किती. पाच वर्षे ओळीने. नळीबरोबर विहीर दाखवलीच पाहिजे.

४. यशाबरोबर एक बंद पडलेली गोष्ट दाखवायची. बुजलेले ड्रिपर, गॅस न देणारा गोबरगॅस, गळका बंधारा, उपटलेली बाग. का बंद पडले, हे त्याच घरच्या माणसाने सांगायचे.

५. एका वेळी वीस-पंचवीस माणसे, अर्धा दिवस, आणि हाताला काम. फिल्टर उघडून धुवायचा, ड्रिपरखाली भांडे ठेवून एका तासाचे पाणी मोजायचे, नळ्या सांधायच्या, एक ओळ निंदायची. मे महिन्यात एक तास निंदणारा पोरगा पुन्हा 'शेतकरी आळशी' म्हणणार नाही.

६. मजूर बायांचे ऐकायचे. ठिबकने निंदणीचे दिवस घटले का, तणनाशक आल्यावर मजुरी कुठे गेली, हे त्यांना विचारायचे. हरित तंत्रज्ञानाचा हिशेब मालकापाशी संपत नाही.

७. मानधन. व्याख्यात्याला पाकीट मिळते, शेतकऱ्याला श्रीफळ, हे बंद. माणशी शंभर रुपये घेतले तर पंचवीस जणांचे अडीच हजार होतात. शिकवणाऱ्याचा वाटा, रांधणाऱ्या बाईचा वेगळा वाटा तिच्याच हाती, आणि एक वाटा गावाच्या पाण्याच्या कामाला. दर काय असावा ते बैठकीने ठरवावे. पण फुकट शिकवणे बंद.

८. पाहुण्यानेही काही ठेवून जायचे. कृषी आणि विज्ञानाची मुले आली तर दहा विहिरींची पातळी मोजून द्यावी, माती-पाण्याचे नमुने तपासून अहवाल मराठीत गावाला पाठवावा. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच मोजणी पुढे न्यावी. घेऊन जाणारे फार झाले, देऊन जाणारे हवेत.

९. जिथे जमीन किंवा जंगल गेले आहे, तिथल्या माणसाशी भेट झाल्याशिवाय सोलर किंवा पवनचक्कीची सहल पुरी झाली असे धरायचे नाही.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही. फळा, खडू, मोजपट्टी आणि खरे बोलण्याची तयारी, एवढेच लागते.

कोणी म्हणेल, असे सगळे उघडे केले तर पाहुणे येतील का? त्यांना निवांत दिवस हवा असतो, आमची गाऱ्हाणी नको असतात. ज्यांना निवांत दिवस हवा त्यांना तोरणमाळचा रस्ता मोकळा आहे, सुखाने जावे. पण शिक्षणाचे नाव घेऊन येणाऱ्याला अर्धे सत्य देणे ही त्याची फसवणूक आणि आपलीही. आजचा शाळकरी पोरगा उद्या बँकेत बसेल, कचेरीत बसेल, निर्यातबंदीच्या कागदावर सही करेल. सही करताना त्याला एकदा तरी आपल्या विहिरीचा तळ आठवला, तर त्या एका बसचे भाडे वसूल झाले.

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा बैठकींपुढे म्हणून हा ठराव ठेवतो:

"खान्देशात हरित तंत्रज्ञान दाखवण्यासाठी निघणाऱ्या कोणत्याही सहलीचे आम्ही स्वागत करू. मात्र ज्या सहलीत शेतकऱ्याला बोलण्याची जागा, हिशेब मांडण्याची मुभा आणि शिकवण्याचे दाम नाही, त्या सहलीसाठी आमच्या शेताचे फाटक उघडणार नाही. दर तालुक्यातून निदान पाच शेतकरी आणि पाच शेतकरी महिला शिकवण्यास तयार होतील आणि येत्या दिवाळीपूर्वी आपापल्या शेतावर हिशेबाचा आणि पाण्याचा फळा लावतील."

ज्यांना ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करण्याआधी आपले नाव द्यावे. फळ्यासाठी भिंत कोणती, तेही सांगावे.